थ्री नॉट थ्री : खांद्यावर वागवून झाल्यावर

ही रायफल घ्यावी की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडणारच नाही. .३०३ म्हणजेच थ्री नॉट थ्री हा आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) आहे, साध्या शस्त्र परवान्यावर ती मिळत नाही. ज्यांना मिळते त्यांना रांगेत उभं राहून, रजिस्टरवर सही करून मिळते आणि आवडली नाही म्हणून बदलून मिळत नाही. मला पोलीस प्रशिक्षणात मिळाली. पुढे मुख्यालयात गार्ड, कैदी पार्टी, बंदोबस्त असे बरेच महिने हातात तीच होती. नंतर एसएलआर ही स्वतः पुढचा राऊंड घेणारी रायफल आली, मग इन्सास. तिन्ही वापरून झाल्यावर आता निवांत लिहितोय. मत एवढंच : यंत्र म्हणून अव्वल, पण ज्या कामासाठी ती आमच्या हातात दिली होती त्या कामाची ती कधीच नव्हती.

माझ्या वाट्याला आलेल्या रायफलीच्या बटापाशी, लोखंडी गळ्यावर, मुकुट कोरलेला होता. त्याखाली जी.आर.आय. (ब्रिटिश राजाची आद्याक्षरं), ईशापूर आणि साल १९४३. म्हणजे ब्रह्मदेशात लढाई चालू असताना हुगळीकाठच्या कारखान्यातून निघालेला माल, आणि माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठा. अक्रोडाचं लाकूड काळपट पडलेलं, बटाखालची पितळी पाटी घासून घासून सोन्यासारखी झालेली. रिकामी असताना वजन चार किलोच्या आसपास, लांबी साधारण ११३ सेंटिमीटर. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, घेताना पहिलं काम म्हणजे बोल्टच्या मुठीमागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का ते बघणं. बोल्ट त्या त्या रायफलीला बेतून बसवलेला असतो, शेजारच्याचा घातला तर बसेलही, पण काडतुसामागचं अंतर चुकलं की मामला धोक्याचा. आमचे उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, म्हणायचे, "बायको आणि बोल्ट, दुसऱ्याचा हात लावायचा नाही." पोरं हसायची. मला ते वाक्य तेव्हाही फारसं आवडलं नव्हतं, पण नंबर मात्र जन्मभर तपासले.

तारीफ करायची तर बोल्टचीच. जेम्स पॅरिस ली हा मूळचा स्कॉटलंडचा, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत काम केलेला माणूस. बोल्ट आणि खालची पेटी मॅगझिन ही त्याची करामत. १८८८ साली ब्रिटिशांनी ती मेटफर्ड नावाच्या इंजिनिअरच्या नाळेला (नळीला) जोडली. पुढे कॉर्डाइटची नवी दारू आली, तिच्या उष्णतेनं मेटफर्डच्या उथळ खाचा लवकर झिजायला लागल्या, म्हणून १८९५ पासून एनफिल्डच्या कारखान्यानं आखलेल्या खोल खाचांची नाळ आली. ली आणि एनफिल्ड, झालं नाव तयार. १९०४ मध्ये नाळ आखूड करून पायदळ आणि घोडदळ दोघांनाही एकच रायफल दिली, आणि १९०७ चं मार्क थ्री हे त्यातलं आम्हाला माहीत असलेलं रूप.

बोल्ट वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही. जर्मन माउझरची मूठ नव्वद अंश उचलावी लागते, हिची साठच. मूठ खाली वाकवलेली, अगदी ट्रिगरच्या डोक्यावर, त्यामुळे हात लांब न्यावा लागत नाही. स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, उघडताना नाही, त्यामुळे गोळी सुटल्यावर उघडणं लोण्यासारखं. लॉक मागच्या बाजूला असल्यानं बोल्टचा पल्लाही कमी. यामुळे अचूकता थोडी घटते असं जाणकार म्हणतात. आमच्यासारख्यांना तो फरक कुठे कळणार? वेग मात्र कळतो. उस्ताद अंगठा आणि तर्जनी मुठीवरून सोडायचेच नाहीत, ट्रिगर मधल्या बोटानं दाबायचे. मॅगझिन दहाचं. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाला ३०० यार्डांवर एका मिनिटात किमान १५ गोळ्या लागू करायच्या असत, आणि तयार माणूस पंचवीस-तीसपर्यंत जाई. २३ ऑगस्ट १९१४ ला बेल्जियममधल्या मॉन्सला जर्मन रांगा ज्या माऱ्यात सापडल्या तो मारा हाच. त्यांना समोर मशीनगनच वाटल्या, ही गोष्ट प्रत्येक उस्ताद सांगतो. खरी-खोटी कोण जाणे, पण उस्तादांचा हात पाहिल्यावर अविश्वास दाखवायची हिंमत होत नाही.

खोड एक आहे, आणि ती काडतुसाची. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे पडली पाहिजे. मागे पडली तर दोन कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट अर्ध्यावर थांबतो. पाच-पाचच्या क्लिपा नीट लावल्या असतील तर सहसा होत नाही. सुटे राऊंड घाईत भरणाऱ्याच्या बाबतीत हमखास होतं, आणि बंदोबस्तावर राऊंड सुटेच मिळतात.

धक्का? आहे, आणि चांगला आहे. पहिल्या फायरिंगनंतर अर्ध्या पलटणीचा उजवा खांदा जांभळा झाला होता. काहींनी खाकीच्या आत टॉवेलाची घडी ठेवली, उस्तादांनी ती बरोबर हुडकून काढली. बट खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढून धरला की धक्का शरीर घेतं, सैल धरला की हाड घेतं. ट्रिगरचे दाब दोन : पहिला मोकळा, लांब. दुसरा घट्ट, तिथं श्वास रोखून थांबायचं. "अरे, ट्रिगर दाबायचा असतो, ओढायचा नसतो. गाईचं दूध काढतोयस का?" हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. पण दोन दाबांतली ती जागा एकदा बोटाला सापडली की गोळी कुठे जाणार ते आधीच कळायला लागतं. असा ट्रिगर मला नंतरच्या दोन्ही रायफलींत मिळाला नाही. मागच्या साइटवर २००० यार्डांपर्यंत खुणा आहेत. आम्ही शंभर-दोनशेच्या पुढे कधी गेलो नाही.

सफाईचं मात्र कौतुक करायला हवं, म्हणजे तक्रारही करायला हवी. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार नाळेत राहतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि रात्रभरात गंज धरतो. तेल लावून ते जात नाहीत, पाण्यानंच जातात. म्हणून फायरिंगहून आल्यावर किटलीभर उकळतं पाणी नरसाळ्यानं नाळेतून सोडायचं. नाळ हाताला चटका देईपर्यंत तापली की पाणी आपोआप सुकतं, मग फुलथ्रूला, म्हणजे नाळेतून ओढायच्या दोरीला, चिंदी बांधून ओढायची आणि शेवटी तेलाचा हात. तेलाची पितळी बाटली आणि फुलथ्रूची दोरी बटाच्या पोटातच असते, पितळी पाटीतलं झाकण उघडून काढायची. लाकडाला जवसाचं तेल. पावसाळ्यात कोकणातल्या बंदोबस्ताहून परत आलो की हे सगळं दुप्पट. आर्मररनं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यानं, एकदा गोळी काढून आतली दारू दाखवली होती : भुकटी नव्हे, बारीक शेवयांची जुडी. काडतुसाच्या बुडावर के.एफ. अशी अक्षरं, म्हणजे आपली खडकी. १८६९ पासूनचा तिथला दारूगोळा कारखाना पुण्याच्या लोकांना फक्त ट्रॅफिकच्या संदर्भात आठवतो.

गार्डवर ही रायफल म्हणजे दुसरी काठी. कोषागारापुढे रात्रभर तिच्यावर रेलून उभं राहता येतं, तो गुण आखूड शस्त्रांत नाही. कैदी पार्टीला मात्र तिच्यासारखी अडचण नाही. एसटीच्या दोन सीटमध्ये ती मावत नाही, नाळ वर धरली की टपाला लागते, तिरकी धरली की पुढच्या बाईच्या डोक्याला. एका हातात कैद्याची दोरी, दुसऱ्यात ही, आणि तिकिटाचे पैसे कुठल्या हातानं काढायचे? पळणाऱ्या कैद्यावर भर स्टँडात .३०३ झाडायची, असा विचार ज्यानं केला असेल त्यानं ती गोळी काय करते ते पाहिलेलं नसावं. ती सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास वेगानं निघते आणि एका माणसात थांबत नाही.

जमावाच्या बाबतीत तर हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी ईशापूरनं हीच रायफल .४१० ची मस्केट करून दिली. नाळेतल्या खाचा काढून गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. पल्ला कमी, जमावापुढे वापरायला पुरेसा. आणि शिपाई उलटलाच तर त्याच्या हातात .३०३ ची गोळी न चालणारं हत्यार. १८५७ मध्ये एनफिल्डच्याच जुन्या रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडका उडाला होता, तेव्हापासून हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनं हत्यार ठेवायचं धोरण होतं. १९१४ साली फ्रान्सला निघालेल्या हिंदी पलटणींना नव्या रायफली मिळाल्या त्या मार्सेलला उतरल्यावर. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पूना डिव्हिजन गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्यांत सातारा-रत्नागिरीकडची पोरं होती. त्यांच्या हातातलं हत्यारही ली-एनफिल्डच्याच घराण्यातलं.

आणि जालियनवाला बाग. १३ एप्रिल १९१९, डायरनं बागेत आत नेऊन उभे केलेले पन्नास रायफलधारी, दहा मिनिटांच्या आसपास, १६५० राऊंड. सरकारी आकडा ३७९ मृत, लोकांचा त्याहून बराच मोठा. १६५० भागिले ५० केलं की माणशी तेहतीस येतात. दहाचं मॅगझिन तीनदा पुन्हा भरावं लागतं. ही रायफल स्वतः भरलेल्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ वेगळा कळतो. प्रत्येक गोळीमागे बोल्ट हातानं उचलून, ओढून, ढकलून परत बसवावा लागतो. तिथं नकळत काही सुटत नाही.

कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागाराचं नावही याच बोअरनं जगभर नेलं. १८९० च्या दशकात तिथं .३०३ ची टोक उघडं ठेवलेली गोळी तयार झाली, अंगात शिरल्यावर फुलणारी. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली, पण 'डमडम' हे नाव राहिलंच.

स्वातंत्र्यानंतर खरं तर तिला मानानं निवृत्त करायला हवं होतं. १९६२ मध्ये नेफात (आजच्या अरुणाचलात) आपले जवान हीच रायफल घेऊन उभे होते, समोर चिन्यांकडे अर्धस्वयंचलित. त्यानंतर ईशापूरला ७.६२ ची एसएलआर आली. दरम्यान जुन्याच साच्यावर ७.६२ चा बोअर आणि बाराचं मॅगझिन असलेली टू-ए रायफलही निघाली. लष्करानं पुढची वाट धरली आणि लष्कराचं उरलेलं पोलिसांकडे आलं. आमच्याकडे वार्षिक सराव कागदोपत्री दरवर्षी व्हायचा, राऊंड मात्र मोजून. काहींनी प्रशिक्षण सोडल्यापासून ट्रिगर दाबलाच नव्हता.

मग २६ नोव्हेंबर २००८. सीएसटीवर दोघांच्या हातात एके, तीसचं मॅगझिन, ट्रिगर धरून ठेवला की सुरूच. समोर पोलिसांकडे .३०३ आणि लाठ्या. काहींनी गोळ्या झाडल्याही. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांच्याकडे तर लाठीच होती, त्यांनी एकेची नाळ हातानं धरली. त्यानंतर टीव्हीवर 'पोलिसांच्या गंजक्या बंदुका' हा शब्द रोज वाजला. मला त्याचा राग यायचा, अजून येतो. गंज रायफलीला नव्हता. दहा वर्षांत पन्नास राऊंडही न झाडलेल्या माणसाला त्या रात्री एके दिली असती तरी फार काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही.

दुसरीकडे तिचं आयुष्य संपायचं नाव घेत नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात राजारबागच्या पोलीस लाइनीतले शिपाई पाकिस्तानी फौजेपुढे हीच घेऊन उभे राहिले. सोव्हिएत फौजांविरुद्ध अफगाण लढले तेव्हाही ती होती, आणि पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलचे कारागीर तिच्या नकला हातानं घडवतात. शिक्क्यावरच्या इंग्रजी नावात एखादं अक्षर उलटं दिसलं की समजायचं, माल दर्र्याचा. कॅनडाच्या उत्तरेकडच्या रेंजर्सनी तर ती या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत वापरली, कारण थंडीत ती अडत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला निरोप दिला. आणि बुलेटवर बसणाऱ्यांनी फार हसू नये. इंग्लंडमधल्या रेडिचच्या सायकलवाल्या कंपनीनं एनफिल्डच्या शस्त्र कारखान्याला सुटे भाग पुरवले, त्यावरून तिनं नाव घेतलं रॉयल एनफिल्ड, चिन्ह घेतलं तोफेचं, आणि ब्रीद 'बंदुकीसारखी बनवलेली'. फटफटीचं नाव बुलेट उगाच नाही.

आज मला विचाराल तर ती एकाच कामाला ठेवावी, मानवंदनेला. शासकीय इतमामात तीन फैरी झाडायच्या तर एसएलआरसारखी रायफल ब्लँकवर (गोळी नसलेल्या काडतुसावर) स्वतःहून पुढचा राऊंड घेत नाही, हातानं ओढावं लागतं आणि रांगेत गडबड दिसते. हिचा बोल्ट मुळातच हातानं चालवायचा, त्यामुळे हुकमावर सगळे खटके एकदम वाजतात. फक्त ब्लँक झाडल्यावरही नाळ उकळत्या पाण्यानं धुवावी लागते, हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही, आणि पुढच्या मानवंदनेपर्यंत रायफली तशाच कोतमध्ये उभ्या राहतात.