मुनस्यारीचा जम्बू: चिमूटभर पुरे

मे महिन्यात आम्ही उत्तराखंडातल्या कुमाऊंला गेलो होतो, तेव्हा मुनस्यारीच्या बाजारातून जम्बूची पुडी आणली. जम्बू म्हणजे उंच हिमालयात खडकाळ उतारांवर उगवणारा रानकांदा, शास्त्रीय नाव अ‍ॅलियम स्ट्रॅचेयी. गढवालात याला फरण म्हणतात. याची पात आणि फुलं सुकवून फोडणीला वापरतात.

दिसायला वाळल्या गवतासारखा, कोरडा हुंगला तर फारसा वासही नाही. पण पळीत साजूक तूप तापवून, गॅस बारीक करून चिमूटभर टाकला आणि दोन-तीन सेकंदांत काड्या तडतडून तपकिरी झाल्या. लसूण, हिंग, तळलेला कांदा, सगळ्यांचा मिळून एकच खमंग वास घरभर! लगेच वरणावर ओता, क्षणभरही रेंगाळलात तर कडू होतो. तुरीच्या वरणाला छानच लागतो, पण खरी चव मुनस्यारीच्याच राजम्यात आणि उकडलेल्या बटाट्यात. जम्बू घालाल त्या दिवशी हिंग-मोहरी नको, त्यांच्या वासाने जम्बू झाकला जातो.

पुडी संपल्यावर ऑनलाइन मागवला. निम्मा भुगाच निघाला, तुपात पडताच जळला. तेव्हा अख्ख्या काड्या बघूनच घ्या.

आणि विकणाऱ्याला एक जरूर विचारा, शेतातला की रानातला? मुनस्यारीच्या दुकानदार दीदींनी स्वतःच्या बांधावर लावलेला दिला होता. रानातला ओरबाडून ओरबाडून कमी होत चाललाय, म्हणून मी शेतातलाच घेते. मसाल्याच्या डब्यात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा.