फोन सारखा बंद-चालू होत असेल तर बार्शीतल्या या दुकानात जा

भगवंत मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत हे दुकान आहे. पाटी लहान, काउंटरसमोर दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. बार्शीत मोबाईल दुरुस्तीची दुकानं पुष्कळ आहेत, पण फोन उघडायच्या आधी नीट चौकशी करणारा कारागीर मला इथेच भेटला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमच्याकडच्या बऱ्याच जणांचे फोन असेच बंद-चालू होतात आणि चांगले फोन त्यापायी कपाटात जाऊन पडतात.

आमचं गाव वैरागच्या पुढे. खरिपाला सोयाबीन आणि तूर, थोडा उडीद. घरच्या सातबाऱ्यांची ई-पीक पाहणी, म्हणजे रानातल्या पिकाची सरकारी नोंद, माझ्याकडेच असते, शिवाय भावकीतल्या ज्या बायकांकडे साधा फोन आहे त्यांचीही मीच करून देते. २०२१ पासून ही पाहणी मोबाईलवर आली. गटात, म्हणजे जमिनीच्या त्या तुकड्यात उभं राहून, जीपीएस चालू ठेवून पिकाचा फोटो तिथल्या तिथे काढावा लागतो. मुदतीत नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही, आणि मग हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन घालताना अडचण येते. म्हणजे फोन चालायलाच हवा, आणि तोही रानात.

माझा फोन नेमका तिथेच बंद पडायचा. ॲप उघडलं, गट नंबर निवडला, कॅमेरा समोर धरला की पडदा काळा. मग कंपनीचं चिन्ह आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. बॅटरी ४५ टक्के असताना बंद व्हायचा आणि चालू झाला की १५ दाखवायचा. घरी चार्जरला लावला तर मात्र तासन् तास काही नाही. गावात ज्याला त्याला वाटायचं की ॲपच खराब आहे. तालुक्यातल्या दुसऱ्या एका दुकानात फोन नुसता हातात घेऊन सांगितलं गेलं, “सॉफ्टवेअर मारावं लागंल, आतलं सगळं जाईल. त्यानं नाही झालं तर बोर्ड गेला समजा.” बोर्ड म्हणजे फोनच्या आतली मुख्य सर्किटची पाटी. त्या फोनमध्ये सासऱ्यांच्या दवाखान्याचे कागद आणि पोरांचे फोटो होते. मी फोन परत घेतला.

या दुकानात गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, “ताई, कधी बंद पडतो? खिशात असताना पण, की हातात घेऊन काही केलं की?” पुढचा, “चार्जरला लावल्यावर पडतो का?” मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच करून बघितलं. चार्जर लावून कॅमेऱ्यावर व्हिडिओ चालू केला, टॉर्चही लावली. फोन ठीक. चार्जर काढला आणि थोड्या वेळात माझ्यासमोर बंद पडला.

मग फोन सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात आपण टाकलेली ॲप झोपून राहतात, फक्त फोनची मूळची चालतात. तिथेही कॅमेरा लावल्यावर तेच झालं, म्हणजे पाहणीच्या ॲपचा काही दोष नव्हता. मेमरीत जागा आहे का तेही बघितलं. कव्हर काढून पॉवरचं बटण दाबून पाहिलं, कारण बटण आत रुतून बसलं किंवा घट्ट कव्हरने ते दाबलं गेलं तरी फोन असाच रिस्टार्ट होत राहतो. मी तिथे असतानाच एका आजोबांचा फोन त्याच कारणाने चिन्हावर अडकला होता. बटण साफ करून चालू करून दिला, पैसे घेतले नाहीत.

हे सगळं होईपर्यंत माझा फोन उघडलेला नव्हता. “बॅटरी असावी, पण उघडून खात्री करू. बोर्डाचं निघालं तर तसाच बंद करून देतो,” असं म्हणून बॅटरीचा आणि मजुरीचा भाव आधी सांगितला. मला हे फार पटलं. लॉकचा पॅटर्न त्यांनी विचारला नाही, मलाच पडद्यावर काढायला लावला. सिम आणि मेमरी कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

पाठ गरम करून उघडली तेव्हा बॅटरी जराशी फुगलेली दिसली. ती सोडवून त्यांनी बोर्डाला टेबलावरच्या पॉवर सप्लायच्या वायरी लावल्या, ४ व्होल्ट दिले आणि फोन चालू केला. सप्लायच्या आकड्यांवर फोन किती करंट खेचतो ते दिसत होतं. साधा पडदा चालू असताना आकडा थोडा, कॅमेरा उघडला की एकदम वर, टॉर्च लावली की आणखी वर. पण फोन बंद पडला नाही. बोर्ड चांगला आहे याचा पुरावा मी डोळ्यांनी पाहिला.

कारण त्यांनी विहिरीवरच्या मोटरीवरून समजावलं. व्होल्टेज कमी असलं की मोटर घुमते पण पाणी उचलत नाही, तसं. बॅटरी जुनी झाली की तिच्या आतला विरोध वाढतो. हलक्या कामाला ती पुरते, पण एकदम जास्त करंट मागितला की तिचं व्होल्टेज खाली बसतं, आणि ठरावीक पातळीच्या खाली गेलं की फोन बंद होतो. पाहणीच्या वेळी कॅमेरा, जीपीएस, उन्हात पूर्ण उजेडावर असलेला पडदा आणि मोबाईल डेटा हे सगळं एकदम चालू असतं. त्यात आमच्या रानात टॉवर लांब, आणि टॉवर लांब असला की फोनला सिग्नल पाठवायला जास्त जोर लावावा लागतो. घरी चार्जर मदतीला असायचा म्हणून तिथे काही कळत नव्हतं. हे ऐकल्यावर मला सगळ्या गोष्टी एका जागी बसल्यासारख्या वाटल्या. उन्हाळ्यात फोन गाडीच्या डिकीत किंवा उन्हात चार्जिंगला ठेवला तर बॅटरी लवकर खराब होते, हेही त्यांनी सांगितलं, आणि आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे.

नवीन बॅटरी लावताना दोन प्रकार समोर ठेवले. स्वस्तातलीवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह नव्हतं. “ही मी लावत नाही, फक्त फरक दाखवायला ठेवली आहे,” म्हणाले. दुसरीवर चिन्ह आणि आयएस १६०४६ हा बॅटरीच्या मानकाचा क्रमांक छापलेला होता. तीच लावली. जुनी काढताना लोखंडी पट्टी घालून उचकटली नाही. डिंकाखाली अल्कोहोल सोडून, दम धरून सोडवली, कारण फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते. जुन्या बॅटऱ्या वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात वेगळ्या ठेवतात आणि भंगाराच्या गोणीत टाकत नाहीत. एवढं जपणारा माणूस तालुक्याच्या गावात असावा याचा मला खरोखर आनंद झाला.

मजुरीसकट ११०० रुपये घेतले. त्यानंतर मी आमच्या सगळ्या गटांची पाहणी पूर्ण केली, फोन एकदाही बंद पडला नाही. आतलं काहीही गेलं नाही.

उणिवाही सांगते. बसायला जागा नाही, वयस्कर माणसांना त्रास होतो. एक बाकडं बाहेर टाकायलाच हवं. बिल आपणहून देत नाहीत. मी मागितलं तेव्हा तारीख, बॅटरीचा प्रकार आणि तीन महिन्यांची गॅरंटी लिहून दिली. तुम्हीही मागाच. पाठ पुन्हा चिकटवल्यावर फोन पाण्यापासून पहिल्याइतका सुरक्षित राहत नाही हे त्यांनी सांगितलं, पण मी विचारल्यावर. ते आधीच सांगायला हवं, कारण आमची अर्धी पाहणी पावसाच्या भुरभुरीत होते. आणि पाण्यात पडून बोर्ड गंजलेला फोन ते घेत नाहीत, सरळ सोलापूरला न्यायला सांगतात. तुमचा फोन चार्जरला लावलेला असतानाही चिन्हावरच फिरत असेल, तर दुखणं बॅटरीचं नसण्याचीच शक्यता जास्त, त्यामुळे निघण्याआधी घरी एवढं तपासून बघा.

सकाळी दुकान उघडताना गेलात तर ते शांतपणे बघतात, दुपारनंतर गर्दी होते. येताना स्वतःचा चार्जर आणा, फोन निम्मा तरी चार्ज करून आणा आणि फोन कशावर बंद पडतो ते आठवून ठेवा. पहिला प्रश्न तोच असेल.