विजेशिवाय गिरणी चालवून देणारा चुंबकवाला

ऐरोलीत आमच्या भाऊजींची पिठाची गिरणी आहे. वीजबिलाने ते आधीच टेकीला आलेले, त्यात रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात एक जण भेटला. चुंबकावर चालणारं जनित्र, एकदा फिरवलं की फिरतच राहतं म्हणे. बुकिंगचे चाळीस हजार यूपीआयने घेतले आणि गडी गायब.

डेमो मात्र फर्मास होता. दोऱ्याने खाली बांधलेली टाचणी चुंबकाच्या ओढीने अधांतरी उभी. मध्ये चंदेरी पत्रा सरकवला की टाचणी पडते. ‘बघा, चुंबक बंद! चाक जवळ येताना पत्रा बाहेर, लांब जाताना आत. ओढ मिळते, अडसर नाही.’

त्याच पत्र्याचा सॅम्पल तुकडा घरी चुंबकाजवळ नेला, तर खाडकन चुंबकालाच चिकटला. गोम इथेच आहे. असा पत्रा चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, वळवतो. म्यू-मेटल घ्या: सुमारे ८० टक्के निकेल, बाकी लोखंड आणि थोडं मॉलिब्डेनम. चुंबकरेषा हवेपेक्षा त्यातून हजारो पटींनी सहज जातात, म्हणून पलीकडे कमी पोचतात. पण त्यामुळेच चुंबक पत्र्याला ओढून धरतं. तो बाहेर काढायला जोर लावावा लागतो आणि पूर्ण फेरीचा हिशेब मांडला की हाती शून्य. बेअरिंगचं घर्षण वेगळंच. अतिवाहक (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ) चुंबकीय क्षेत्राला खरोखर बाहेर ढकलतो (हे माइसनर या शास्त्रज्ञाला १९३३ मध्ये दिसलं), पण मग तो चुंबकाजवळ नेतानाच जोर खर्ची पडतो.

मग डेमोचं चाक फिरत कसं होतं? खालचा खोका रेझिन ओतून सील केलेला, ‘सीक्रेट’ म्हणून. १८१३ मध्ये न्यूयॉर्कला रेडहेफरच्या अशाच यंत्राच्या फळ्या आगबोटवाल्या इंजिनिअर रॉबर्ट फुल्टनने काढल्या, तर आतला पट्टा थेट माळ्यावर गेलेला आणि तिथे एक म्हातारा दांडा फिरवत बसलेला! आता त्या म्हाताऱ्याचं काम बॅटरी करते.

त्याने ‘पेटंट’ म्हणून दाखवला तो कागद नुसती अर्जाची पावती होती. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार निसर्गनियमांच्या उघड विरोधातल्या दाव्याला पेटंट मिळतच नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. भाऊजी लाजेपोटी गप्प बसले, तोवर रक्कम पुढच्या खात्यांत गेली. पोलिसांत तक्रार दिली आहे. तोच माणूस आता कळव्यात दिसल्याचं कानावर आलंय. बुकिंग मागितलं, तर आधी खोका फोडून दाखव म्हणा.