बॅक्युलाचा कॅटलॉग आणि सायकोपीजी२ ड्रायव्हर : आठ महिने वापरून

महाप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात सगळ्या सर्व्हरचा बॅकअप बॅक्युला (बॅकअपचं सॉफ्टवेअर) घेतो. रात्री काय झालं हे कळायला मी आधी बीकन्सोलचा, म्हणजे बॅक्युलाच्या कमांड विंडोचा, मजकूर स्क्रिप्टने वाचायचो. एखादा रकाना सरकला की सगळं चुकायचं. आमच्या बॅक्युलाचा हिशेब, म्हणजे कॅटलॉग, पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच असतो, मग थेट तिथेच विचारू म्हणून पायथनमधून पोस्टग्रेसशी बोलणारा सायकोपीजी२ ड्रायव्हर घेतला.

पहिल्याच दिवशी रिपोर्टसाठी वेगळा युजर काढला आणि त्याला फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचण्याचा, हक्क दिला. तुम्हीही एवढं कराच. कॅटलॉगमधल्या नोंदी चुकून उडाल्या, तर टेपवर डेटा असूनही तो कुठे आहे हे शोधताना जीव जातो.

सगळ्यात मोठा धडा तिसऱ्या महिन्यात मिळाला. शनिवारी बॅक्युलाचं अपग्रेड काढलं होतं. कॅटलॉगची रचना बदलणारी स्क्रिप्ट एका ‘अल्टर टेबल’वर येऊन थांबली, ती हलेचना. आमच्या डेटाबेस सांभाळणाऱ्या (डीबीए) ताईंनी सेशनची यादी काढली आणि म्हणाल्या, "अरे, तुझाच रिपोर्ट दार अडवून बसलाय." हा ड्रायव्हर साध्या सिलेक्टलाही न सांगता ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का किंवा रद्द होणारा व्यवहार) उघडतो. कमिट (पक्कं करणं), रोलबॅक (रद्द करणं) किंवा क्लोज होईपर्यंत टेबलवरचं हलकं कुलूप तसंच राहतं. इतर वाचणाऱ्यांना त्याचा त्रास नाही, पण रचना बदलणाऱ्याला वाट बघावी लागते. माझी सर्व्हिस तर दिवसभर कनेक्शन धरून असायची. पायथनमध्ये ‘विथ’ लिहिलं की कनेक्शन बंद होतं अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिथे फक्त कमिट होतं, बंद आपणच करायचं. तेव्हापासून ऑटोकमिट चालू ठेवलंय, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं राहतच नाही.

कॅटलॉगमधल्या फाइल टेबलला (बॅकअप घेतलेल्या प्रत्येक फाइलची नोंद) हात लावताना जपून. साधा कर्सर (निकालाच्या ओळी आणून देणारा) सगळा निकाल एकदम आपल्या मेमरीत ओढतो आणि या टेबलात ओळी कोटींत जातात. कर्सरला नाव दिलं की तो सर्व्हरवर राहतो, ओळी दोन-दोन हजारांनी येतात. मात्र त्याला ट्रान्झॅक्शन लागतं, म्हणून तेवढ्यापुरतं वेगळं कनेक्शन. बाइट्सची बेरीज पायथनच्या डेसिमल प्रकारात येते आणि रिपोर्ट जेसन या मजकूर-फॉरमॅटमध्ये लिहिताना ती चालत नाही. इंटमध्ये (पूर्णांकात) बदलून घ्या.

एवढं सांभाळलं तर ड्रायव्हर भरवशाचा आहे, माझी पूर्ण शिफारस. आता सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये घणसोली यायच्या आत रिपोर्ट वाचून होतो. गेल्या महिन्यात त्यातच दिसलं की अकाउंट्सच्या सर्व्हरचा फुल बॅकअप ‘टी’, म्हणजे नीट पूर्ण, पण फाइल्स निम्म्याहून कमी. डेटाचा फोल्डर नव्या डिस्कवर माउंट केला (जोडला) होता आणि बॅक्युला मुळात दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये उतरत नाही. नुसतं ‘टी’ बघत राहिलो असतो तर हे रिस्टोरच्या दिवशी कळलं असतं. त्याच दुपारी ती डिस्क फाइलसेटमध्ये (काय बॅकअप घ्यायचं त्या यादीत) घातली, रात्री फुल चालवला आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या चार फाइल्स रिस्टोर करून उघडून पाहिल्या.