पुराचा वास आम्हाला ओळखीचा होता, तरी फसलो. सेकंडहँड लक्झरी गाडी घेणाऱ्यांनी वाचा

मी सांगलीचा, गावभागात घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यात गळ्याएवढं पाणी होतं, आणि ओसरल्यावर जो चिखल उपसला, जी कपाटं फेकली, त्या सगळ्याचा एक वास असतो, तो ज्याने अनुभवलाय त्याला सांगावा लागत नाही. हे आधी सांगतोय कारण ज्या माणसाने तो वास महिनाभर श्वासात घेतलाय त्याला सुद्धा पुरात बुडालेली गाडी गळ्यात मारता येते, तर बाकीच्यांचं काय.

माझा बेदाण्याचा व्यवसाय, पुणे आणि वाशीला सारख्या फेऱ्या असतात. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला साध्या गाडीत तासभर सुद्धा बसवत नव्हतं आणि तिला दर दोन महिन्यांनी पुण्याला डॉक्टरांना दाखवायला न्यावं लागतं. म्हणून ठरवलं की मोठी जर्मन सेडान घ्यायची, एअर सस्पेन्शनवाली, मागे पाय पसरून बसता येईल अशी. नवीन घेण्याची ऐपत नाही, ती तेव्हा ७० लाखाच्या घरात जात होती, पण सहा-सात वर्षं जुनी २५ ते ३० लाखात मिळते असं बघून ठेवलं होतं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही आणि विकणाऱ्याचं पण नाही, वकिलांनी केस चालू असेपर्यंत नको सांगितलंय, आणि खरं तर कंपनीचा यात दोष पण नाही.

पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये २०१८ चं मॉडेल दिसलं, डिझेल, पांढरी, मीटरवर ४८,२०० किलोमीटर, किंमत साडेएकवीस लाख. इतरांपेक्षा चार-पाच लाख कमी. मी विचारलं स्वस्त का, तर तो म्हणाला, "साहेब, पार्टीला अर्जंट पैसे पाहिजेत, परदेशी चाललेत, म्हणून रेट पाडलाय, उद्या ही गाडी इथे दिसणार नाही." ही अर्जंट पार्टी सगळ्यांच्याच गाडीमागे असते हे आता कळतंय.

मला खरं गुंतवलं ते आतल्या भागाने. दार उघडलं की आधी तो बदामी रंगाच्या लेदरचा वास, मग डॅशबोर्डवर आडवी गेलेली लाकडाची पट्टी, अगदी खरं लाकूड, बोट फिरवलं तर रेषा हाताला लागतात अशी, दोन मोठे स्क्रीन एकाला एक जोडून, आणि संध्याकाळ असल्यामुळे त्याने मुद्दाम आतले मंद निळे दिवे लावून ठेवलेले. आई मागच्या सीटवर बसली, पाठ टेकवली आणि म्हणाली, "अरे, किती बरं वाटतंय रे." त्या एका वाक्यावर माझा व्यवहार झाला. टेस्ट ड्राइव्ह जेमतेम चार किलोमीटरची, एसी फुल आणि परफ्यूमच्या दोन बाटल्या, एक समोर एक मागे. आत दोन परफ्यूम का लागतात हे मी विचारलं नाही.

अजून एक गोष्ट डोळ्यासमोर होती. गाडी २०१८ ची आणि नंबर एमएचचा पण एकदम नवीन सिरीजचा, म्हणजे २०२४ मध्ये पडलेला. विचारलं तर म्हणाला, पहिल्या मालकाला फॅन्सी नंबर पाहिजे होता म्हणून बदलून घेतला. मी मान हलवली. खरं असं असतं की बाहेरच्या राज्यातून गाडी आली आणि इथे पासिंग झालं की आरटीओ इथला नवीन नंबर देतं. म्हणून जुनी गाडी आणि नवीन सिरीज दिसली की पहिला प्रश्न हाच, आधीचा नंबर काय होता आणि गाडी कुठून आली, तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, दाखवा. आता बाहेरच्या राज्यातली गाडी म्हणजे फसवणूकच असं नाही, दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी आली होती त्यामुळे तिकडच्या चांगल्या गाड्या पण इकडे आल्या, पण कुठून आली ते लपवत असेल तर तिथेच उठा.

२०२५ च्या पाडव्याला गाडी घरी आणली, पूजा केली, आईच्या हाताने हार घातला. एप्रिल-मे छान गेले. खोटं कशाला बोलू, पुणे-सांगली अंतर त्या गाडीत जाणवायचंच नाही, आई झोपून जायची. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी एकदा डॅशबोर्डवर चेतावणीचा दिवा लागला आणि बंद पडला, मी म्हणलं सेन्सर असेल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. सलग तीन दिवस गाडी पोर्चमध्ये बंद उभी, चौथ्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायला म्हणून दार उघडलं, आई आत बसली आणि लगेच पाय बाहेर काढले. मला म्हणाली, "हा पुराचा वास आहे." मी म्हणलं काहीतरीच काय, एसीचा असेल. ती म्हणाली, "मी चार पोती चिखल हाताने काढलाय घरातून, मला सांगू नकोस." आणि ती त्या गाडीत परत बसली नाही, आजपर्यंत नाही.

मग एकेक सुरू झालं. सकाळी बघावं तर गाडी पुढून डावीकडे बसलेली, चाक जवळजवळ मडगार्डला टेकलेलं. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी रबरी फुगे असतात, त्यातली हवा गळाली की कॉम्प्रेसर सारखा चालून चालून जळतो, ही दुखणी जुन्या झालेल्या कुठल्याही अशा गाडीला होतात हे मला माहीत होतं म्हणून आधी त्याच्यावरच खर्च केला, फुगा आणि कॉम्प्रेसर मिळून एक लाख ६५ हजार. आठ दिवसांनी मोठा स्क्रीन काळा. मग मागची काच आपोआप खाली, भर पावसात. मग एक दिवस वाशीहून येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे गिअर अडकला, पुढे नाही मागे नाही, रात्री साडेअकराला गाडी लादून नेणारा फ्लॅटबेड ट्रक येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा. ट्रक शेजारून जाताना गाडी हलायची. ती रात्र मी विसरणार नाही.

मिरजेत एक मिस्त्री आहेत, लॅपटॉप लावून जर्मन गाड्या स्कॅन करतात. त्यांनी आधी काही न बोलता ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट ओढला आणि त्याच्या तळाशी शिवलेलं लेबल दाखवलं, बनवल्याची तारीख २०२४. गाडी २०१८ ची. मग मागे गेले आणि मधला बेल्ट, जो कोणी कधी वापरत नाही, तो शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ. रेघेच्या एका बाजूला पट्टा काळा, दुसऱ्या बाजूला मातकट, नखाने खरवडलं तर बारीक पूड निघाली. आमच्या घराच्या भिंतीवर अशीच रेघ आहे, २०१९ ची, बाबांनी रंग देताना मुद्दाम ठेवलेली. मी तिथेच खाली बसलो.

सीट काढली, कार्पेट उचललं. वरून कार्पेट कोरडं आणि शॅम्पू केलेलं, खालचा फोम पिळला तर पाणी. सीटच्या रुळांना गंज, आणि रुळाच्या कोपऱ्यात गाळात रुतलेला गोगलगायीचा एवढासा शंख. या गाड्यांमध्ये छोटे छोटे कंप्युटर सगळीकडे पेरलेले असतात, एक पायाखालच्या कार्पेटखाली, एक सीटखाली, बॅटरी आणि काही वायरिंग डिकीत स्पेअर व्हीलच्या खड्ड्याजवळ, म्हणजे पाणी जिथे आधी साठतं तिथेच. कनेक्टर उघडले तर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर. मिस्त्री म्हणाले, "दादा, हे आज एक, उद्या दुसरं असं मरत राहणार, याला शेवट नाही." मीटरचं विचारलं, तर गिअरबॉक्सच्या कंप्युटरमध्ये ९८ हजारांच्या आसपास किलोमीटर निघाले. समोरचं मीटर बदललंय किंवा मागे फिरवलंय, पण बाकी ठिकाणी आकडा राहून गेला. काही जर्मन गाड्यांत तो किल्लीत सुद्धा साठवलेला असतो.

पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आरसी दाखवून चॅसी नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरवर, रेकॉर्ड मागितलं. शेवटची नोंद चेन्नईची, डिसेंबर २०२३, म्हणजे मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई बुडाली तेव्हाची. डॅशबोर्डपर्यंत पाणी, ९६ हजार किलोमीटर, दुरुस्तीचं इस्टिमेट गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, काम केलं नाही. विम्यात नियम असा आहे की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरतात, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. तशी गेलेली गाडी कोणीतरी कागदांसकट घेतली, वाळवली, लेदर नवीन चढवलं, इकडे आणून पासिंग केलं. म्हणजे ज्या लेदरच्या वासाला मी भुललो ते लेदर नवीन होतं म्हणूनच वास येत होता. सात वर्षांच्या गाडीला नव्या लेदरचा वास येत नाही, हे साधं मला सुचलं नाही.

या काळात मी त्याच मॉडेलच्या पाच-सहा मालकांशी बोललो, कारण मला कळायचं होतं की गाडीच अशी असते की माझीच. कोल्हापूरचे एक डॉक्टर आहेत, नवीन घेतलेली, सव्वा लाख किलोमीटर झाले, म्हणतात गिअरबॉक्सचं ऑइल वेळेवर बदललं, गाडीने कधी दगा दिला नाही. दुसऱ्या एकाची फक्त शहरात चालते, त्याला डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर चोंदण्याचा त्रास, महिन्यातून एकदा हायवेला पळवून आणा असं सांगितलं ते तो करत नव्हता. आतल्या भागाबद्दल जवळजवळ सगळ्यांची तीच तक्रार, उन्हात उभी राहिली की छताचं कापड सुटून लोंबतं, बटणांवरचा मऊ थर चिकट होतो, चकचकीत काळं प्लास्टिक धूळ पुसता पुसता चरे पडून खराब. आणि खर्च सगळ्यांचाच, चार टायर लाखाच्या घरात, साधी सर्व्हिस चाळीस हजार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, गाडी वाईट नाही, सांभाळलेली असेल तर फार चांगली आहे, पण सहा-सात वर्षांच्या गाडीचा आतला भाग थोडा वापरलेला दिसलाच पाहिजे. ड्रायव्हर सीटची कड दबलेली, स्टिअरिंगला थोडी चकाकी, ब्रेक पेडलचं रबर झिजलेलं. माझ्या गाडीत पेडलचं रबर कोरं होतं आणि छत एकदम ताठ. मी ते बघून खूश झालो होतो.

शोरूमवाल्याकडे गेलो तर तोच माणूस ओळख देईना. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं, "जशी आहे तशी, जिथे आहे तिथे", त्यावर माझी सही. मग म्हणाला, नऊ लाखात परत घेतो. साडेएकवीस दिलेले, वर सव्वातीन लाख दुरुस्तीत गेलेले. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मी मागितलं तर त्याच्याकडे नव्हतंच. हे पैसे द्यायच्या आधी मागायचं असतं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. ५० लाखापर्यंतचा व्यवहार जिल्ह्यालाच चालतो, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, सुरुवातीला काहीच कळत नसेल तर १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा, तिथे निदान रस्ता सांगतात. वकील म्हणाले, गाडी फर्मच्या नावावर न घेता स्वतःच्या नावावर आणि आईसाठी घेतली हे बरं झालं, नाहीतर धंद्यासाठी घेतली म्हणून ग्राहकच नाही असा मुद्दा समोरून आला असता. आणि "जशी आहे तशी" लिहिलं म्हणून लपवलेली गोष्ट माफ होत नाही असं त्यांचं म्हणणं, बघू. माझ्याकडे त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत, "नॉन अ‍ॅक्सिडेंट, नो फ्लड, मीटर जेन्युइन" असं त्याने स्वतः टाइप केलेलं, तेच आता सगळ्यात उपयोगी पडतंय. तुम्ही पण तोंडी ऐकू नका, हे तिन्ही शब्द पावतीवर लिहून मागा, लिहायला का-कू केली की उत्तर मिळालं. आणि पैसे द्यायच्या आधी दोन हजार गेले तरी चालतील, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी नंबर टाकून घ्या, विकणारा नाही म्हणाला तर गाडी तिथेच सोडा.

मागच्या महिन्यात एक दलाल घरी आला होता. त्याला कुठून कळलं माहीत नाही. म्हणाला, "दादा, बारा लाख रोख देतो, आम्ही परत तयार करून पुढे ढकलतो, तुमचं नाव कुठे येणार नाही." आई आतल्या खोलीतून ऐकत होती. मी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. बारा लाखाची मला गरज आहे, नाही असं नाही, हप्ते चालू आहेत. पण पुढच्या वेळी त्या मागच्या सीटवर कोणाची तरी आईच बसणार.

गाडी आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये उभी आहे, सीट बाहेर काढून ठेवल्यात. मागचा मधला बेल्ट पूर्ण ओढून दाराच्या हँडलला बांधून ठेवलाय. तपासणीला माणूस येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, धुवायचा नाही, असं वकिलांनी सांगितलंय.