सहलीच्या बचतीसाठी संयुक्त खाते : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यातील आमच्या सोसायटीतील आम्ही बारा जणी जानेवारीत केरळला जाणार आहोत. त्यासाठी मार्चपासून प्रत्येकीने दरमहा दोन हजार रुपये बाजूला ठेवायचे ठरवले. मागच्या सहलीचे पैसे एकीच्या वैयक्तिक खात्यात जमत होते. त्या वेळी काही गैर घडले नाही, परंतु घरखर्च आणि सहलीची रक्कम एकाच पासबुकात मिसळल्यामुळे हिशेब सांगताना तिला झालेला त्रास मी पाहिला होता, म्हणून या वेळी स्वतंत्र खात्याचा आग्रह मीच धरला.

पहिल्या बँकेत गटाच्या नावाने खाते मागितले, तेव्हा ठराव, गटाचा पॅन आणि नियमावली मागण्यात आली. आमचा गट नोंदणीकृत नाही आणि एका सहलीसाठी एवढी कागदपत्रे उभी करणे आम्हाला परवडणारे नव्हते. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असल्याने तीही उपयोगाची नव्हती. अखेर घराजवळच्या एका सरकारी बँकेत मी आणि गटातील आणखी एक अशा दोघींच्या नावे संयुक्त बचत खाते उघडले आणि व्यवहाराची पद्धत ‘दोघींच्या सह्यांनी’ अशी ठेवली. ‘दोघींपैकी कोणीही’ हा पर्याय निवडला असता, तर मोबाइलवरून पैसे काढता आले असते. पण मग दहा जणींचे पैसे एकीच्या बोटावर राहिले असते.

पैसे भरण्याचा अनुभव उत्तम आहे. सुरुवातीला एक अडचण होती : यूपीआयने आलेल्या रकमेपुढे पासबुकात नुसता क्रमांक छापला जाई आणि पैसे कोणाचे हे कळत नसे. त्यावर आम्ही प्रत्येकीला एक अनुक्रमांक दिला आणि तेवढे रुपये जास्त भरायला सांगितले. सातव्या क्रमांकाची सभासद २,००७ रुपये भरते, बाराव्या क्रमांकाची २,०१२. जास्तीचे रुपये शेवटी परत मिळतील. तेव्हापासून हिशेब जुळवायला मला दहा मिनिटेही लागत नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पासबुकाच्या पानाचे छायाचित्र मी सगळ्यांना पाठवते.

खरी कसोटी नोव्हेंबरमध्ये लागली. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. त्यामुळे केरळला जाणाऱ्या नेत्रावती एक्स्प्रेसची दोन तिकिटे त्याच सकाळी ऑनलाइन काढायची होती, आणि आमच्या खात्यातून ऑनलाइन पैसे भरताच येत नाहीत. शेवटी मी स्वतःच्या कार्डाने पैसे भरले आणि नंतर धनादेशाने परत घेतले. त्यातच सहखातेदार लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने नागपूरला जाणार होत्या. धनादेश तीन महिने चालतो, म्हणून हॉटेलच्या नावाचे, रक्कम आणि तारीख घातलेले दोन रेखांकित (फक्त खात्यातच जमा होणारे) धनादेश आम्ही त्या निघण्यापूर्वीच लिहून ठेवले. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्याची सूचनाही आली होती. ती मी ठामपणे नाकारली.

व्याजाचा दर अडीच टक्क्यांच्या आसपास असल्याने सप्टेंबरअखेर सुमारे चौदाशे रुपये व्याज जमा झाले. दुप्पट व्याज देणारी एक बँक आम्ही पाहिली होती, पण त्या जादा व्याजातून प्रत्येकीच्या वाट्याला सव्वाशे रुपयेही आले नसते आणि तिची शाखा रिक्षाने जाण्याइतकी दूर होती. बँक बुडाल्यास मिळणाऱ्या ठेव विम्याची पाच लाखांची मर्यादा आमच्या एकूण रकमेला पुरेशी आहे. व्याजाची नोंद पहिल्या खातेदाराच्या पॅनवर होते, हे मात्र तिला आधीच सांगून ठेवावे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली. बँकेच्या लेखी हे पैसे आम्हा दोघींचेच आहेत. बाकीच्या दहा जणींचे नाव तिथे कुठेही नाही. आमच्यापैकी एकीचे काही बरेवाईट झाले, तर तिच्या वारसांचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून जूनमध्ये आम्ही बारा जणींच्या सह्यांचा एक कागद केला. ही रक्कम कोणाची, किती आणि कशासाठी आहे, हे त्यात स्पष्ट लिहिले असून त्याची एकेक प्रत आमच्या दोघींच्या घरच्यांकडेही दिली आहे. तो कागद खाते उघडण्याच्या दिवशीच व्हायला हवा होता.