ईपीएबीएक्सला क्लॉक कुठून द्यायचं? लाइनवरून, जीपीएसवरून की आयपीवरून

सातपूरला मुख्य कारखाना, अंबडला दुसरं युनिट, सिन्नरच्या एमआयडीसीत गोदाम. तिन्हीकडे ईपीएबीएक्स (संस्थेचं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज), एकमेकांत ई-वन टाय लाइनी (एक्स्चेंजना थेट जोडणाऱ्या डिजिटल लाइनी) आणि सातपूरहून बाहेर जायला दोन वेगळ्या कंपन्यांचे पीआरआय (बाहेरच्या कॉलसाठी टेलिकॉम कंपनीने दिलेली ई-वन लाइन). नाशिकमध्ये अशी जोडणी असेल, तर नवं एक्स्चेंज घेताना क्लॉकचा, म्हणजे दोन्ही टोकांनी ज्या तालावर बिट पाठवायचे आणि वाचायचे त्याचा, निर्णय व्हेंडरवर सोडू नका.

ई-वनवर सेकंदाला 8000 फ्रेम (बिटांचे ठरावीक गठ्ठे) जातात, म्हणजे एक फ्रेम 125 मायक्रोसेकंदांची. दोन टोकांच्या क्लॉकमधला फरक साठत साठत तेवढा झाला की एक अख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा वाचली जाते. हीच स्लिप. बोलताना फार तर टिक ऐकू येते. फॅक्सच्या मात्र ओळी उडतात आणि मोडेमचा कॉल काही सेकंद कोलमडतो.

लाइनवरून क्लॉक घेणं फुकट आहे, आणि बहुतेकांना तेच पुरतं. टेलिकॉम कंपनीचं मूळ क्लॉक आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.811 शिफारशीनुसार असेल, तर त्यात दहा हजार कोटींत एक भाग इतकाच फरक चालतो. अशी दोन नेटवर्कं अगदी उलट दिशांना सरकली, तरी स्लिप पडायला 72 दिवस लागतात. म्हणून दोन कंपन्यांचे पीआरआय असले तरी एकाचं क्लॉक घ्यावं, दुसरा राखीव ठेवावा.

पण आता पुष्कळ ठिकाणी पीआरआय खऱ्या अर्थाने टेलिकॉम कंपनीच्या एक्स्चेंजपासून येतच नाही. कंपनी आयपीवर (इंटरनेटसारख्या डेटा नेटवर्कवर) लाइन आणते आणि तुमच्या रॅकमध्ये गेटवेचा डबा बसवून त्यातून ई-वन काढून देते. तो डबा स्वतःच्या क्रिस्टलवर चालत असेल, तर वरचा हिशेब कोसळतो. असे दोन डबे दहा लाखांत पाच भागांनी वेगळे धावले, तर दर 25 सेकंदांना एक स्लिप! डब्याचं क्लॉक कुठून येतं, हे कंपनीकडून लेखी घ्याच.

उपग्रहावरून अचूक क्लॉक घेणाऱ्या जीपीएस रिसीव्हरची खरी गरज इथे लागू शकते. खर्च रिसीव्हरपुरता नसतो. गच्चीवर मोकळं आकाश दिसेल अशी अँटेना, केबलवर सर्ज अरेस्टर, चांगलं अर्थिंग हे सगळं आलं. वळवाच्या विजांचा विचार करता अरेस्टरवर पैसे वाचवू नयेत. सिग्नल गेल्यावर क्लॉक टिकवायला आत रुबिडियम (छोटं अणुघड्याळ) नसलं, तरी चांगला ओव्हन क्रिस्टल (ठरावीक तापमानात ठेवलेला क्रिस्टल) हवाच.

आयपीवरून पीटीपी (नेटवर्कवरून अचूक क्लॉक पोचवायची पद्धत) घ्यायचं, तर मधले सगळे स्विच त्याला साथ देणारे हवेत. भाड्याच्या लिंकवर तशी खात्री क्वचित मिळते, म्हणून मी तरी हा पर्याय सुचवणार नाही. एनटीपी (संगणकांची घड्याळं जुळवायची साधी पद्धत) कॉलच्या बिलावरच्या वेळेसाठी ठीक आहे, ई-वनच्या क्लॉकसाठी नाही.

क्लॉक कुठूनही घ्या, उतरंड कागदावर काढा: सातपूर मास्टर (क्लॉक देणारं), अंबड आणि सिन्नर स्लेव्ह (ते घेणारे). अंबड-सिन्नर थेट लाइन असेल, तर तिथे विशेष जपा. सिन्नरने अंबडकडून आणि अंबडने सिन्नरकडून राखीव क्लॉक घेतलं, तर दोघांच्याही सातपूरहून क्लॉक आणणाऱ्या लाइनी तुटल्यावर दोघं एकमेकांचंच क्लॉक गिरवत भरकटतात. अलार्म वाजत नाही. त्या दोघांमधला स्लिप काउंटर शून्य दाखवतो आणि सातपूरशी जोडणाऱ्या, क्लॉकसाठी न वापरलेल्या शिल्लक लाइनीवर मात्र स्लिप वाढत जातात. व्हेंडर मग त्या लाइनीलाच दोष देत बसतो. राखीव क्लॉक दोघांपैकी एकानेच दुसऱ्याकडून घ्यावं.

काम झाल्यावर सगळे काउंटर शून्यावर आणा आणि 24 तासांनी वाचा. जी.822 मध्ये दिवसाला 5 स्लिपपर्यंतची मुभा आहे, पण ती 27,500 किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय जोडणीसाठी आहे. सातपूर-सिन्नरवर एक जरी दिसली, तरी बिल चुकतं करण्याआधी व्हेंडरला बोलवा.